प्रशिक्षणाची नोंद एक्सेलमध्ये: पुरे की धोका?

भोसरीकर
आमचं सुट्या भागांचं युनिट, १८० माणसं, त्यात निम्मी कंत्राटी. फोर्कलिफ्ट, प्रथमोपचार, आग विझवणं, गेज वापरणं अशी एकूण २२ प्रशिक्षणं. साहेबांना आता त्यासाठी महिन्याच्या भाड्याचं सॉफ्टवेअर हवंय. मी म्हणतो, एक्सेल पुरे. उभी नावं, आडवे विषय, सेलमध्ये तारीख. ईडेट या फॉर्म्युल्याने तारखेत महिने मिळवून पुढची मुदत काढायची, टुडेशी, म्हणजे आजच्या तारखेशी, ताडून बघायची. ३० दिवस राहिले की पिवळं, उलटली की लाल. विभागवार टक्क्यांसाठी काउंटइफ्स, अटीत बसणाऱ्या सेल मोजणारा फॉर्म्युला. दोन तासांचं काम. सॉफ्टवेअर हवंच असं ज्यांना वाटतं, त्यांनी कारण सांगा.

ऑडिटवाली
सांगते. आमच्याकडे अगदी अशीच शीट होती. रात्रपाळीच्या सुपरवायझरने तारखा टिंबं देऊन टाकल्या, ०५.०४.२०२३ अशा. एक्सेलने त्या तारखा मानल्याच नाहीत, नुसता मजकूर धरला. ईडेटला एरर आली. कोणीतरी शहाण्याने एरर दिसू नये म्हणून इफएरर लावून सेल कोरी ठेवली होती. ती कोरी दिसणारी सेलही एक्सेलला मजकूरच. आणि टुडेशी तुलना करताना एक्सेल मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरतं, म्हणजे लालचा नियम लागूच होत नाही. सात फोर्कलिफ्टवाल्यांची मुदत कधीच उलटली होती आणि शीट पांढरी स्वच्छ. पांढरं म्हणजे ठीक, असं सगळे धरून बसलेले. बाहेरच्या ऑडिटरने दहा मिनिटांत पकडलं.

भोसरीकर
ताई, यात एक्सेलचा काय दोष? एरर झाकणाऱ्याचे कान धरा. डेटा व्हॅलिडेशन लावलं तर तारखेशिवाय काही घेणारच नाही.

ऑडिटवाली
लावलं होतं. दुसऱ्या फाइलमधून कॉपी-पेस्ट केलं की तेही पुसलं जातं. करून बघा.

शून्य_ओळ
इंग्लंडचं विसरलात का? २०२० मध्ये कोविडच्या १५,८४१ केसेस वेळेवर नोंदवल्याच गेल्या नाहीत. माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ओढत होते, तिला ६५,५३६ ओळींची मर्यादा. मर्यादेपुढच्या ओळी कापल्या गेल्या, कोणाला पत्ताच नाही.

भोसरीकर
माझ्या १८० ओळी आहेत हो. मुंगी मारायला तोफ.

दुसरी_पाळी
मी मशीनवर असतो, ऑफिसात नाही, म्हणून बोलतो. आमच्याकडे तुमच्या साहेबांना हवंय तसलं सॉफ्टवेअर आहे. होतं काय, तर सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत दहा जणांच्या आयडीने लॉगिन करतो, व्हिडिओ लावून चहाला जातो, परत येऊन बटण दाबतो. दहाही हिरवे. त्यातल्या दोघांना मायक्रोमीटरचं थिंबल कुठलं ते माहीत नाही.
आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाचं कलम ७.२ काढून वाचा. त्यात माणसाला काम येतं का आणि शिकवल्याचा उपयोग झाला का, हे विचारलंय. तो वर्गात बसला एवढ्यावर भागत नाही. तेव्हा तारखेसोबत १ ते ४ आकडा टाका: १ शिकतोय, २ कोणीतरी शेजारी लागतं, ३ एकटा करतो, ४ दुसऱ्याला शिकवतो. मग काउंटइफ्सने प्रत्येक मशीनला, प्रत्येक पाळीत ३ किंवा वरचे किती ते मोजा. दोनपेक्षा कमी आले की लाल. गेल्या गणपतीत आमच्याकडे ग्राइंडिंग जमणारा एकच माणूस होता आणि तो नेमका कोकणात. तेव्हा प्रशिक्षणाची टक्केवारी ९० च्या वर होती म्हणे.

ऑडिटवाली
हे पटलं. पण ४ देणार कोण? तोच चहाला जाणारा?

दुसरी_पाळी
त्याला नको. पुढच्या पाळीच्या सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, द्यायला लावा. बिघडलेला जॉब त्याच्याच गळ्यात पडतो, तो उगाच मार्क देत नाही.

शून्य_ओळ
आणि त्या शीटच्या किती कॉप्या फिरतायत? ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’...

भोसरीकर
कॉप्या तीन आहेत, कबूल.
ताई, ते टिंबांचं डोक्यात राहिलं म्हणून आत्ता तपासलं. भरलेल्या सेल काउंटएने मोजल्या, त्यातून काउंट वजा केलं. काउंट फक्त आकडे मोजतं आणि खरी तारीख एक्सेलला आकडाच असते. शून्य यायला हवं होतं. आलं ११. नऊ रात्रपाळीचे.
तरी सॉफ्टवेअर नकोच. हा फॉर्म्युला आता शीटच्या डोक्यावरच लावतो.

ऑडिटवाली
अकरा निघाले, तरी नको?

भोसरीकर
शोधले कशाने?