पणजीच्या आसपास कुत्र्याला मोकळं पळायला जागा आहे का?

ताळगावची:
नमस्कार मंडळी. आमची कुत्री चिमणी दीड वर्षाची, गावठी, अंगात नुसती वीज. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन्ही वेळा पट्ट्यावर फिरवते, पण तिची पळायची हौस त्याने भागत नाही. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा वाजला की असा हिसडा देते की खांदा दुखून येतो. हैदराबादला महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला खास कुत्र्यांसाठी बाग केली, तिथे कुत्री मोकळी खेळतात. आपल्याकडे तसं काही आहे का? की मिरामारच्या किनाऱ्यावर सरळ सोडून द्यावं?

पहाटवाला:
मी करंजाळ्याच्या किनाऱ्यावर उजाडायच्या आत नेतो. माणसं यायला लागली की पट्टा परत. आमचा म्हातारा लॅब्राडोर आहे, हाकेसरशी येतो. तरण्या कुत्रीचं सांगता येत नाही.

रायबंदरची मावशी:
अगं बाय, मिरामारचा नाद सोड. किनाऱ्याचा प्रत्येक तुकडा तिथल्या कुत्र्यांचा असतो. होड्यांच्या सावलीत झोपलेली दिसतात ना, ती एकेक करून उठतात, शेपट्या वर, भुंकत नाहीत. ते न भुंकणंच वाईट. चिमणी घाबरून पळाली की सगळी मागे लागणार आणि ती थेट रस्त्यावर जाणार. शिवाय रापण (मासेमारीचं मोठं जाळं) किनाऱ्यावर ओढून झाल्यावर नको ते मासे वाळूतच पडलेले असतात. त्यात केंड मासा असला आणि तिने तो खाल्ला तर जिवावर बेतेल, तो विषारी. तहानेने खारं पाणी प्याली तर ओकाऱ्या वेगळ्याच.

आणि सुट्टीला मोरजी, मांद्रे किंवा आगोंद, गालजीबागला न्यायचं मनात असेल तर कृपा करून नको. तिथे थंडीत कासवं अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात आणि कुत्र्याला वास आला की वाळू उकरायला क्षणही लागत नाही. या गोष्टीचा मला फार राग येतो, म्हणून स्पष्ट लिहिते.

मी माझ्या कुत्र्यांना भाटात, म्हणजे माडांच्या बागेत सोडते. ओळखीच्या भाटकाराला (भाटाच्या मालकाला) विचार, माडांखालचं गवत काढून देते म्हण, बहुतेक जण हो म्हणतात. मात्र आधी पट्ट्यावरच गडग्याच्या (चिऱ्यांच्या कुंपणाच्या) कडेकडेने पूर्ण फेरी मार. कमरेएवढा गडगा गावठी कुत्री एका उडीत ओलांडते. पावसाचं पाणी जायला ठेवलेली भोकं बघ, फाटकाखालची फट बघ. चिरे ढासळलेत तिथे आणि गुडघाभर गवतात सोडू नकोस, घोणस, फुरसं तिथेच असतात. नारळ सुटायला आलेल्या माडाखाली तूही उभी राहू नकोस!

सुरुवातीला दहा मीटरची दोरी छातीच्या पट्ट्याला बांध, गळ्याच्या नको, झटका मानेला बसतो. दोरी जमिनीवर घसटत राहू दे. ती पळण्यात दंग असताना हाक मार, आली की सुक्या बांगड्याचा तुकडा दे आणि लगेच पुन्हा सोड. प्रत्येक हाकेनंतर घरी नेलंस तर ती यायचीच बंद होईल. हाक पक्की झाली की मग दोरी काढ.

रेबीजचं इंजेक्शन वेळेवर हवंच. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झालं, तरी ढिलाई नको. भाटात उंदीर असतात, म्हणून लेप्टोचीही (उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस तिला दे. परत आल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोध. मसुराएवढी फुगलेली सापडते, पण ताप आणते ती राळ्याएवढीही.

बांधावरचा:
मावशींचं पटलं, पण सार्वजनिक जागाही मागायला हवी. प्रत्येकाच्या ओळखीत भाटकार नसतो. ताळगावला पंचायत आहे, ग्रामसभेत विषय मांडा. नुसतं ‘बाग द्या’ म्हणू नका. माणसापेक्षा उंच जाळी, एकामागे एक दोन फाटकं म्हणजे एक बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं, लहान कुत्र्यांना वेगळा भाग, पाण्याचा नळ, शी टाकायला डबा, एवढं लिहून द्या. विरोध घाणीवरून होतो, म्हणून डबा पहिला लिहा.

ताळगावची:
मावशी, बांबोळीला मामांचं भाट आहे, गडगा डोक्याएवढा. फाटकाची फट रविवारी फळी ठोकून बुजवते. ग्रामसभेच्या अर्जावर ताळगावातल्या आणखी कोणाला सही करायची असेल तर इथेच सांगा, मसुदा मी लिहिते.