मदत हवी आहे: ८ जण, कॅरम डबल्स, प्रत्येकाला प्रत्येक भिडू मिळेल असं कोष्टक

मंडळी, जरा डोकं लावा. आमच्या बिल्डिंगमधे गणपतीत कॅरम असतं, बोर्ड दोन, यंदा नावं बरोबर आठ आलीत. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतो आणि दरवर्षी भांडण, कारण तळमजल्यावरचे काका राणी कव्हरसकट एका दमात काढतात, त्यांचा भिडू कोणीही असो, जिंकतोच. म्हणून यंदा जोड्या फिरत्या, प्रत्येकाने प्रत्येकाबरोबर एकदा भिडू म्हणून खेळायचं आणि प्रत्येकाविरुद्ध दोनदा, गुण ज्याचे त्याला.

हिशोब बसतोय. बाकीचे सात, फेरीला एक भिडू म्हणजे ७ फेऱ्या, फेरीला दोन विरोधक म्हणजे १४, सात दुणे चौदा. पण कागदावर मांडायला गेलं की चार फेऱ्या मस्त जातात आणि पाचवीत कोणीतरी दोघं परत भिडू होतात. कॅलेंडरची मागची बाजू खोडून खोडून फाटली. भाचा इंजिनिअरिंगला आहे, म्हणतो मामा सोडा, तो गणिती ऑयलर, त्यानेच सांगितलंय असलं होत नाही. खरंय का? प्रोग्रॅमिंग येत नाही, हाताने जमेल असं सांगा.

प्रतिसाद:
होतं की! भाच्याने भलतंच जोडलंय. ऑयलरचं कोडं ३६ अधिकाऱ्यांचं, ६ रेजिमेंट आणि ६ हुद्दे, प्रत्येक रेजिमेंटमधून प्रत्येक हुद्द्याचा एकेक, चौकोनात असे उभे करायचे की आडव्या-उभ्या कुठल्याच ओळीत दोन्हीतलं काही रिपीट नको. ते खरंच होत नाही, टॅरीने १९०१ च्या सुमारास दाखवलं. पण ६ ऐवजी १०, १४ घेतले तरी होणार नाही हा ऑयलरचा अंदाज बोस, पार्कर आणि आपले शरच्चंद्र श्रीखंडे यांनी १९५९ मधे पार झोपवला.

तुमचं हे व्हिस्ट टूर्नामेंट, नाव व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळावरून पडलंय. नंबर द्या १ ते ८. पहिली फेरी: ८-१ विरुद्ध २-४, दुसऱ्या बोर्डावर ७-३ विरुद्ध ५-६. पुढच्या फेरीला ८ तसाच ठेवून बाकी सगळ्यांत एक मिळवा, ७ नंतर परत १. म्हणजे ८-२ विरुद्ध ३-५ आणि १-४ विरुद्ध ६-७. असं सात वेळा. गंमत अशी की ८ ची जोडी सोडली तर भिडूंमधलं अंतर १ ते ७ गोलात मांडून मोजलं तर २, ३ आणि १ येतं, एकेकदाच, म्हणून तीच जोडी परत पडूच शकत नाही.

धागाकर्ता:
भरलं, तपासलं, जमलं राव! काकांना ८ नंबर दिला. पण आता दुसऱ्या मजल्यावरचा म्हणतो मीपण खेळणार. नऊ झाले तर बोंबललं का?

प्रतिसाद:
नाही, ९ लाही होतं, फेऱ्या ९, दर फेरीत एकजण बाहेर, प्रत्येकाची पाळी एकदाच. दहावा मात्र घेऊ नका, जोड्या होतात ४५ आणि एका डावाला लागतात दोन, एक उरणारच. आलाच तर त्याला पावडर मारायला बसवा.