जुनी डिझेल एसयूव्ही: सकाळी सेल्फ खाते, चढावर पिकअप पडतो, कूलंट कमी होतं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी बाबांची, गेल्या वर्षापासून माझ्याकडे. १७ वर्षं जुनी, अडीच लिटरचं चार सिलिंडर डिझेल इंजिन, टर्बो, कॉमन रेल. २ लाख १४ हजार किलोमीटर झालेत. विकायची नाहीये, त्यामुळे "काढून टाका आता" सोडून कुठलाही सल्ला चालेल. ऑइल-फिल्टर बदलणं, ब्रेक पॅड टाकणं एवढं मी घरी करते. पान्यांचा सेट, मल्टिमीटर आणि मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर आहे.

सगळ्यात वैताग सकाळचा. पहिल्यांदा सुरू करताना १२-१५ सेकंद सेल्फ मारावा लागतो, तोही दोन-तीन दमांत. मग खोकत सुरू होते, अर्धा मिनिट थरथरते, पांढरट धूर सोडते आणि नंतर जणू काही झालंच नाही अशी चालते. दिवसभर नुसता हात लावला की सुरू. तीन-चार तास उभी राहिली की परत थोडी कुरकुर.

दुसरं, चढावर २००० आरपीएमच्या पुढे पिकअपच नाही. पाय दाबला की मागे काळा धूर, गाडी मात्र आहे तिथेच. इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. कोड पुसला, चार दिवसांनी परत हजर.

तिसरं, कूलंट महिन्याला साधारण पाव लिटर कमी होतं. गाडीखाली थेंब दिसत नाही.

आतापर्यंत केलेले उद्योग: बॅटरी नवी टाकली (उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४ च्या खाली जात नाही). चारही हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) नवे. एअर फिल्टर नवा. डिझेल फिल्टर तर त्याच्याही आधी, सर्व्हिसच्या वेळी मीच बदलला होता, त्यामुळे तो प्रश्नच नाही. सकाळचा त्रास त्यानंतर दहा-बारा दिवसांत सुरू झाला. एक मेकॅनिक म्हणाला इंजेक्टर गेले, चारही काढू. दुसरा म्हणाला हाय प्रेशर पंप. तिसऱ्याने बॉनेट न उघडताच टर्बो सांगितला. आता अंदाजाने सुटे भाग बदलत बसायची इच्छा उरलेली नाही.

एक गंमत. परवा गाडी उतारावर तोंड खाली करून लावली होती, त्या सकाळी एका सेल्फला सुरू झाली. योगायोग असेल.

कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

सकाळी एअर फिल्टरच्या तोंडाशी स्टार्टिंग स्प्रे मारा, लगेच उचलते. आमची तशीच चालते.

प्रतिसाद २

ताई, वरचं कृपया करू नका. या इंजिनात हीटर प्लग आहेत. प्लग लाल असताना स्प्रेमधलं ईथर आत गेलं की ते वेळेआधी पेटतं, दणका पिस्टनवर बसतो. इनटेकमध्येच भडका उडाल्याचंही पाहिलंय.

आता तुमच्या प्रश्नाकडे. उत्तर तुमच्याच दोन वाक्यांत आहे: "तो प्रश्नच नाही" आणि "योगायोग असेल". फिल्टर बदलला, दहा-बारा दिवसांत त्रास सुरू झाला. तोंड उताराकडे असलं की त्रास नाही. गाडी एअर घेतेय.

तुमच्या टाकीत बहुधा इलेक्ट्रिक पंप नसावा. म्हणजे इंजिनावरचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो आणि टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीखाली असते, दाबाखाली नाही. तिथे बारीकशी फट असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. रात्रभर त्या फटीतून हवा शिरते आणि डिझेल उतरून टाकीत परत जातं. सकाळचा तुमचा निम्मा सेल्फ रिकामी लाइन भरण्यातच जातो. गाडीचं तोंड खाली असलं की टाकी वर राहते, डिझेल परत जातच नाही. पांढरा धूर म्हणजे एखाद-दुसऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं डिझेल. वास घेऊन बघा, डोळ्यांना झोंबेल.

इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंप झिजला असता तर त्रास बहुतेक वेळा उलटा असतो. गरम झाल्यावर डिझेल पातळ होतं, आतल्या आत जास्त गळतं, आणि गाडी थंडीत बरी पण गरम असताना सुरू होत नाही. तुमची गरम असताना लगेच उठते. चार इंजेक्टर काढायची घाई नको.

खात्री करायला फिल्टर आणि पंपाच्या मधल्या रबरी पाइपाच्या जागी वीतभर पारदर्शक पाइप टाका. डिझेलला टिकणारा घ्या, पाण्याचा नको, तो फुगतो. दोन्ही टोकांना क्लिपा नीट आवळा, नाहीतर तिथूनच नवी एअर घ्याल. संध्याकाळी हातपंपाने लाइन पूर्ण भरा, सकाळी सेल्फ मारायच्या आधी पाइपाकडे बघा. स्कॅनरवर रेल प्रेशरही (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब) लावून ठेवा. बऱ्याच कॉमन रेल इंजिनांत साधारण २०० बारच्या आसपास दाब गेल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडत नाही. ॲपमध्ये आकडा किलोपास्कलमध्ये दिसला तर १०० ने भागा.

आणि एक ताकीद. हे सगळं कमी दाबाच्या बाजूचं काम आहे. पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या लोखंडी नळ्यांना इंजिन चालू असताना हात लावू नका, त्यांचे नट सैल करू नका. तिथे हजार बारच्या वर दाब जातो. सुईएवढी धार कातडीतून आत घुसते, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडतं. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरायचा, हात कधीच नाही. असं काही झालंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल.

धागाकर्ती

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. टाकीत पंप नाही, बरोबर ओळखलंत. पाइप टाकला.

रात्री काठोकाठ भरलेला होता. सकाळी टॉर्च मारून पाहिलं तर अर्ध्याहून जास्त रिकामा, तळाशी डिझेलची रेघ आणि वर नुसती हवा. सेल्फ मारल्यावर आधी फेस आला, मग करंगळीएवढे बुडबुडे एकामागून एक, आणि डिझेल सलग झाल्यावर गाडी उठली. रेल प्रेशर तोपर्यंत ४०-६० बारवर घुटमळत होतं, डिझेल आल्यावर दोन सेकंदांत २५० च्या वर.

आधी सगळ्या क्लिपा आवळल्या. फरक शून्य. मग फिल्टर उतरवला आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. जुन्या फिल्टरची रबरी रिंग वर फिल्टरच्या हेडलाच (फिल्टर आवळतात त्या बैठकीला) चिकटून राहिली होती आणि तिच्यावर मी नवा फिल्टर नव्या रिंगसकट आवळला होता. दोन रिंगा एकावर एक, वरची एका बाजूला चेपून बाहेर आलेली. नखाने खरवडून काढली, हेड पुसलं, नव्या रिंगला डिझेलचा हात लावला, फिल्टर हाताने बसवला, हातपंप कडक होईपर्यंत दाबला.

आज चौथी सकाळ. दोन सेकंदांत सुरू, धूर नाही. बॅटरी आणि हीटर प्लग उगाच गेले ते गेलेच.

पारदर्शक पाइप काढू की राहू दे?

प्रतिसाद २

काढा. इंजिनाच्या उष्णतेने तो कडक होऊन तडकतो. मूळ रबरी पाइपसुद्धा त्या वयाचाच आहे, जमलं तर नवाच टाका.

प्रतिसाद ३

पी०२९९ बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. टर्बोला हात लावायच्या आधी टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) आणि तिथून इनटेकपर्यंतचे रबरी होज बघा. काळा धूर तेच सांगतोय. एअर फ्लो सेन्सर हवा मोजतो टर्बोच्या आधी. पुढे होज फाटला असेल तर मोजलेली हवा वाटेतच निसटते, पण कॉम्प्युटर डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने टाकतो. हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून काळा धूर.

नुसतं वरून बघून चीर दिसत नाही. ती खालच्या बाजूला असते आणि दाब आला तरच तोंड उघडते. तेलकट धुळीचा पट्टा कुठे दिसतो ते शोधा, मग तो होज काढून हातात घ्या आणि वाकवून बघा. आत थोडा तेलाचा ओलावा असणारच, त्याने घाबरू नका.

होज ठीक निघाले तर टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे (टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग) जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळी. जुन्या गाड्यांत ती टोकाला तडकलेली असते. टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा कापून परत बसवली की काम होतं.

धागाकर्ती

होज! इंटरकूलरकडून वर येणारा, क्लॅम्पच्या लगेच वर, बरोबर खालच्या अंगाला. गाडीवर असताना मी त्यावरून तीनदा हात फिरवला होता, काही लागलं नाही. काढून वाकवल्यावर तोंड उघडलं, त्यात करंगळीचं टोक जात होतं. नवा होज टाकला. काल त्याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गेले, आरशात धूर नाही. कोड पुसलाय, अजून आलेला नाही.

राहिलं कूलंट. हेड गॅस्केटची (सिलिंडर हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) धास्ती आहे.

प्रतिसाद २

गॅस्केटचा विचार सगळ्यात शेवटी. सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचा वरचा होज दाबून बघा. रात्रभरानंतरही दगडासारखा कडक असेल तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरत असू शकतो. मऊ असेल तर बरीच निश्चिंती. ऑइल डिपस्टिकवर पातळी वाढलीय का, ऑइल दुधाळ झालंय का तेही बघा. झाकण गरम असताना उघडू नका, हे तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहितो.

मग वॉटर पंप. त्याच्या खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं. आतलं सील जायला लागलं की तिथून कूलंट झिरपतं, पण गरम इंजिनावरच सुकून जातं, खाली थेंब पडत नाही. कूलंटच्या रंगाची खपली दिसते का बघा.

धागाकर्ती

होज मऊ आहे, ऑइल स्वच्छ. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लहान आरसा पंपाखाली धरला: भोकापासून खाली हिरवट पांढरी खपली, पार ब्लॉकपर्यंत ओघळ. पंप घरी बदलता येईल का?

प्रतिसाद ३

पंप टायमिंग बेल्टवर असेल तर पहिल्यांदा एकटीने करू नका. बेल्टचा दात चुकला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडू शकते. बाहेरच्या फॅन बेल्टवर असेल तर आरामात होईल. इंजिन पूर्ण थंड, कूलंट झाकण लावता येईल अशा भांड्यात काढा. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. जुनं गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडे नकोत. पंपाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, कुठला कुठून निघाला ते लिहून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात आवळलात तर कास्टिंगच तडकेल.

धागाकर्ती

फॅन बेल्टवर आहे, पाहिलं. आज सकाळी पंप उतरवला. पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून ज्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवलेत, सात निघाले, त्यातले दोन खरंच लांब आहेत. पंपाचा शाफ्ट हाताने चक्क हलतोय. नवा पंप उद्या येतोय. बसवल्यावर कूलंटमधली एअर काढताना केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा ना?

प्रतिसाद २

हो, पूर्ण गरमवर. झाकण उघडं ठेवून भरायला थंड इंजिनावरच सुरुवात करा. भरल्यावर इंजिन सुरू करा, वरचा होज मध्ये मध्ये दाबत राहा, बुडबुडे निघतील. थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला की पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच वर भरा. आणि त्या लांब बोल्टांपैकी एखादा ब्लॉकच्या पाण्यात उघडत असेल तर त्याच्या आट्यांना सीलंट लावायला विसरू नका. काढताना त्या भोकातून कूलंट आलं होतं का, ते आठवून बघा.

धागाकर्ती

आलं होतं, डावीकडच्या खालच्यातून. पुठ्ठ्यावर त्याच्याभोवती आत्ताच लाल गोल केला.