मदत हवी आहे: स्टोअर नसलेल्या विंडोजवर विनगेट कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यातले ६ पीसी माझ्या गळ्यात पडलेत. सगळ्यांवर विंडोज १० एलटीएससी २०२१ (कंपन्यांसाठीची, दीर्घकाळ सपोर्टवाली आवृत्ती), म्हणजे मायक्रोसॉफ्ट स्टोअर मुळातच नाही. (बरंच आहे, पोरं गेम टाकत बसत नाहीत.) पण दर वेळी पेनड्राइव्ह घेऊन सेव्हन-झिप नि क्रोम बसवत फिरायचा कंटाळा आलाय, म्हणून विनगेट (एका कमांडने प्रोग्राम उतरवून बसवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) हवंय.

गिटहबवरून विनगेटचं एमएसआयएक्स-बंडल (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवलं, पॉवरशेलमध्ये ॲड-ॲपएक्सपॅकेज ही बसवायची कमांड चालवली. लाल अक्षरांत उत्तर आलं, यूआय-झॅमल फ्रेमवर्क (विनगेटला आधी लागणारं पॅकेज) सापडत नाही. ते टाकलं तर म्हणे व्हीसीलिब्ज हे दुसरं पॅकेज द्या. तेही दिलं, ६४ बिटचंच. आता माझ्या लॉगिनला विनगेट मस्त चालतंय, पण त्याच पीसीवर अकाउंट्सच्या काकूंच्या लॉगिनला कमांडच ओळखत नाही. ॲड-ॲपएक्सपॅकेज फक्त एका युजरपुरतंच बसवते, हे नंतर कळलं.

सगळ्या युजरसाठी ॲड-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज ही कमांड वापरायचं ठरवलंय. त्यात रिलीजसोबतची लायसन्सची एक्सएमएल फाइल द्यायची, की स्किप-लायसन्स लिहून भागतं? आणि काकूंच्या जुन्या प्रोफाइलला ते आपोआप मिळेल का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कमांड जशीच्या तशी टाका. परवा कारखान्याला सुट्टी आहे, तेव्हाच हात घालता येईल.