हिवाळ्यातील परसबाग आणि हरितगृह: किनारपट्टीवरचे अनुभव

केळशीची माहेरवाशीण
वालाच्या वेलाला मावा लागलेला दिसला आणि आजीची राखेची पुरचुंडी डोळ्यांपुढे उभी राहिली. चुलीतील राख चाळून ती मलमलीच्या फडक्यात बांधत असे आणि सूर्य वर येण्याआधी, पाने दवाने ओली असतानाच, पुरचुंडी हलकेच आपटत वेलांच्या ओळीतून जात असे. कोवळ्या शेंड्यांवर आणि शेंगांच्या देठांपाशी मावा काळ्या तिळांसारखा दाटलेला असतो. दवामुळे राख तिथे चिकटते. ऊन चढल्यावर टाकलेली राख वाऱ्याबरोबर उडून जाते. मीही आता सकाळी हेच करते.

भातकापणीपासून शिमग्यापर्यंतचे हे महिने आपल्याकडे भाजीचे खरे महिने आहेत, असे मी मानते. पावसाळ्यात वाफे वाहून जातात आणि वैशाखात विहिरी तळ गाठतात. हिवाळी बागेविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक थंडीपासून रोपे वाचवण्याविषयी असते. आपल्या किनाऱ्यावर डिसेंबरातही दुपारचा पारा 30 अंशांच्या वर जातो, त्यामुळे आपले प्रश्न ऊन, वारा आणि पाण्याचे आहेत. आपापल्या परसातले, आगरातले, हरितगृहातले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

आगरकर, मुरुड
ताई, पाण्याविषयी लिहितो. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून दररोज थोडे थोडे शिंपण्यापेक्षा आळ्यात भरपूर पाणी देऊन वर पोफळीच्या झावळ्यांचे आणि पाल्याचे जाड आच्छादन घालणे मला अधिक योग्य वाटते. आच्छादन बाजूला करून बोटाने माती उकरावी. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. समुद्रालगतच्या विहिरींचे पाणी माघानंतर मचूळ होऊ लागते. ते पानांवर पडले की कडा करपतात, म्हणून पाणी केवळ बुंध्याशी द्यावे. पश्चिमेकडील खाऱ्या वाऱ्यासाठी मी नारळाचे झाप उभे बांधतो. ते वारा पूर्ण अडवत नाहीत, त्याचा जोर तोडतात, आणि कोवळ्या मिरचीला तेवढे पुरते.

गुहागर, निवृत्त
माझे छोटे हरितगृह आहे, छताला प्लॅस्टिक आणि बाजूंना जाळी. थंड प्रदेशात हरितगृह ऊब साठवण्यासाठी बांधतात. आपल्याकडे त्याचा खरा उपयोग पावसाळ्यात रोपे वाचवण्यासाठी होतो, आणि हिवाळ्यात त्यातली उष्णता बाहेर कशी काढावी हीच मुख्य चिंता असते. ऊन प्लॅस्टिकमधून आत येते, पण तापलेल्या मातीची उष्णता तितक्या सहजपणे बाहेर जात नाही. तापमान 35 अंशांच्या पुढे गेले की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात आणि फुले गळतात. म्हणून सकाळची उन्हे आत येताच मी दोन्ही बाजूंचे पडदे वर गुंडाळतो आणि ते तिन्हीसांजेपर्यंत तसेच ठेवतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, पण त्यासाठी ते हलावे लागते, आणि आत तेवढा वारा नसतो. दव सुकल्यावर, साधारण दहाच्या सुमारास, ज्या सुतळीवर झाडे चढवली आहेत त्या सुतळीला मी टिचकी मारत जातो. फुलातून पिवळी धूळ उडालेली उन्हात स्पष्ट दिसते. पानांच्या मागे लाल कोळी येतो तोही कोरड्या, कोंडलेल्या हवेतच. त्यामुळे औषधाआधी पडदे उघडावेत, हे माझे ठाम मत आहे.

चिपळूणची सून
हे सर्व स्वयंपाक करता करता वाचत आहे, म्हणून थोडक्यात विचारते. आमच्याकडे चूल नाही, तर राख कोठून आणावी?

केळशीची माहेरवाशीण
वहिनी, बंबाची राख चालते, मात्र त्यात प्लॅस्टिक किंवा रंगवलेले लाकूड जाळलेले नसावे.

अलिबागकर
वालाचा विषय निघाला आणि पोपटीची आठवण झाली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून भाजलेल्या शेंगांसाठी तरी प्रत्येक परसात वालाची एक ओळ असावी. मांडव घालायला जागा नसेल त्यांच्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण भूषण’ हे बुटके वाढणारे वाण सोयीचे आहे. आमच्याकडे भातानंतर त्याच खाचरात पांढरा कांदा लावतात, त्याविषयी सवडीने लिहीन.

मालवण, परडे
वालाला वानरांपासून कसे वाचवता ते आधी सांगा. आमच्याकडे ते कौलांवरून थेट मांडवात उतरतात.

अलिबागकर
दादा, आपले दुःख मी जाणतो. शेंगांवर जुनी मासेमारीची जाळी सैल टाकल्यावर त्रास कमी झाला, पूर्ण गेला नाही.

रत्नागिरी, शेवंती
फुलांचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. शेवंती रात्री लांबल्यावर कळ्या धरते. आमच्या अंगणात रस्त्यावरचा दिवा रात्रभर जळतो. त्याच्या उजेडात असलेल्या कुंड्यांना नुसता पाला येत राहिला, आणि घराच्या आडोशाला, अंधारात ठेवलेल्या त्याच वाणाच्या कुंड्या मार्गशीर्षात फुलांनी भरल्या. वालाच्या जुन्या वेली वाणांनाही लहान दिवस लागतात, तेव्हा ज्यांच्या वेलाला फुले येत नाहीत त्यांनी खताआधी दिवा कोठे आहे ते पाहावे.

उन्हाविषयीही एक सांगते. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 50 अंशांवर असतो आणि घराची सावली उत्तरेकडे लांब पडते. पावसाआधी जिथे ऊन होते तिथे आता ते नसते. माठ, मुळा यांचे वाफे घराच्या दक्षिणेला घ्यावेत आणि त्यांच्यावरची हिरवी शेडनेट या दिवसांत काढून ठेवावी.

मालवण, परडे
शेवंतीताई, आमच्या मांडवाशेजारीच खळ्यातला बल्ब आहे! आज रात्रीपासून बंद ठेवतो.

आगरकर, मुरुड
बियाण्यासाठी पहिल्या बहरातल्या, निरोगी वेलावरच्या शेंगा आताच खूण करून ठेवा आणि त्या वेलावरच वाळू द्या. शेवटच्या शेंगांचे बी बहुधा बारीक निघते. ज्यांना कडवे वाल हवे असतील त्यांनी कळवावे. शिमग्याला गावी येणाऱ्यांच्या हाती देता येतील.