धागा: परदेशातली बाळंतपणं, आजारपणं आणि आपला ओवा-शेक

जुळेसोलापूरकर
आत्ता समोरच्या वहिनी दारात बॅग काट्याला अडकवून वजन करायल्यात. लेक जर्मनीत, आठवा महिना. अळीव, डिंक, बाळंतशेपा, सगळं जुन्या साडीत गुंडाळलंय. बघून माझंच आठवलं.

मीही तिकडंच गेले होते, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेच्या दिवसांत. बाहेर उणे सहा. तिथं बाळंतपणानंतर सुईण घरी येते, हेबामे म्हणतात. आली की पहिलं काम, खिडकी सताड उघडायची! हवा बदलायला पाहिजे म्हणे. मी लेकीचे कान बांधलेले, पायात मोजे, आणि ही बाई... मी लावली. तिनं उघडली. मी लावली. जावई मधे उभे राहून हसायलेत. लेक मलाच म्हणाली, आई, पाचच मिनिटं. फार लागलं तेव्हा.

शेगडी नाही, धुरी नाही. दहाव्या दिवशी बाळ पोट आवळून रडायलं. बाईनं चेरीच्या बिया भरलेली छोटी उशी काढली, मायक्रोवेव्हमध्ये कोमट केली, आधी स्वतःच्या गालाला लावून बघितली, मग बाळाच्या पोटावर. अगं, मग हा शेकच की! दूध यायला लेकीला चहा दिला, वास घेतला तर बडीशेप न शहाजिरं. मी तेच इथून वाहून नेलेलं.

तुमचं काय झालं तिकडं? लिहा.

कडक_भाकरी
दृष्ट!! न्यू जर्सीत नातवावरून मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. छताचा भोंगा सुरू. अख्खी इमारत खाली, थंडीत. बंब आला. सून त्यांना म्हणाली, कुकिंग. ठसका आला म्हणजे दृष्ट नव्हती म्हणतात, पण तिथं सगळेच खोकत होते, कुणाकुणाची धरायची?

पूर्वभाग
अक्काला टेक्सासात बाळंत झाल्या झाल्या नर्सनं बर्फाचं पाणी दिलं, वर नळी घालून. मी आईला आमच्या तेलुगूत म्हटलं, ही बाई मारते का काय बाळंतिणीला. नर्स वळून तेलुगूतच म्हणाली, घाम आलाय तिला, पिऊ द्या. वरंगळची निघाली! नंतर हळूच म्हणते, माझ्या वेळी माझ्या आईनंही पिऊ दिलं नव्हतं.

खमंग
विषय वेगळा, पण शेंगा चटणी तेल न सुटता कशी न्यायची? मागच्या वेळी सगळे कपडे लाल.

कडक_भाकरी
@खमंग उखळातली असली की तेल सुटणारच, तीच तर मजा. स्टीलचा डबा घ्या, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद.

दुबईवाली
आखातात येणाऱ्यांनो, खसखस आणू नका, लाडवातलीसुद्धा. अमिरातीत बंदी आहे, अमली पदार्थात धरतात. आम्हाला निघायच्या आदल्या रात्री कळलं. डिंकाचे सगळे लाडू आईनं कॉलनीत वाटले. शेजारचे काका पंधरा दिवस बाळंतिणीसारखे तुकतुकीत.

लेक_बोलतेय
मी पलीकडच्या बाजूची, लंडनला. मी अंघोळीला गेले तेव्हा आईनं बाळाला मध चाटवला. इथं वर्षाच्या आत मध अजिबात देत नाहीत, त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात वाढतात. मी ओरडले. काजळाची डबीही काढून घेतली, त्यात शिसं असू शकतं म्हणून. आई दोन दिवस बोलली नाही, नुसती भांडी घासत राहिली. बाळाला काही झालं नाही. मध द्यायला नकोच होता, आजही तेच म्हणेन. पण ओट्याशी तिची पाठ दिसते अजून.

सात_रस्ता
@लेक_बोलतेय आज फोन करा आईला.
कुकर झाला, माझं नंतर. नातीचा ताप आणि पॅरासिटामॉल एवढंच लिहून ठेवते, लई मोठी गोष्ट आहे.

खमंग
@सात_रस्ता तीन दिवस नुसतं पॅरासिटामॉल न पाणी? आमच्याकडंही तेच! इथं असतं तर पहिल्याच दिवशी सुई टोचून मागितली असती यांनी.

जुळेसोलापूरकर
वहिनींना खसखशीचं वाचून दाखवलं. लेकीला फोन केला तर ती म्हणते, इथं पावावर भुरभुरतात, आण बिनधास्त.
बॅग २३ किलोला ६०० ग्रॅम जास्त भरली. चटणी नाही काढली, नेसायची एक साडी काढली. मी सांगितलं, खिडकी उघडणारच ती बाई, कानटोपी हाताशी ठेवा. त्या म्हणाल्या, बाळंतिणीला? म्हटलं, तुम्हाला.