छापील पुस्तकांतल्या चुका: दोष लेखकाचा, नियमांचा की मधल्या रिकाम्या खुर्चीचा?

(ही एक चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर बोलणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

तळटीप

अलीकडेच एक नवी कादंबरी वाचली. लेखन चांगले आहे, म्हणूनच हा विषय काढावासा वाटला. वाईट पुस्तकातल्या चुका कोणी मोजत बसत नाही. वाचताना समासात पेन्सिलीने खुणा करण्याची माझी जुनी सवय आहे आणि एरवी त्या खुणा आवडलेल्या वाक्यांपुढे असतात. या वेळी चाळिसाव्या पानावर मागे वळून पाहिले, तर सगळ्या खुणा चुकांपुढेच झालेल्या होत्या. तेव्हा पेन्सिल बाजूला ठेवली.

कर्णाचा उल्लेख ‘सुतपुत्र’ असा आला आहे. सूत म्हणजे सारथी आणि सुत म्हणजे मुलगा, त्यामुळे एका उकारासरशी सारथ्याचा मुलगा हा मुलाचा मुलगा, म्हणजे नातू झाला. पुढे एका शेतात ‘पिक डोलत होते’. पिक म्हणजे कोकीळ. नायकाच्या वडिलांचा चेहरा ‘दिनवाणा’ आहे. हे सगळे एक वेळ सोडून देता येईल. मात्र संपूर्ण पुस्तकात ‘कीती’, ‘कीनारा’, ‘कीमान’, ‘कील्ला’ असेच छापले आहे आणि त्यात एकदाही खंड पडलेला नाही. यावरून माझा तर्क असा की, ‘की’ हे उभयान्वयी अव्यय दीर्घ लिहायचे असते हे ठाऊक असलेल्या कोणीतरी संगणकाला सगळीकडचा ‘कि’ एका फटक्यात बदलायला सांगितला, आणि त्यानंतर छपाईपर्यंत ते पुस्तक एकाही माणसाने वाचले नाही.

माझी तक्रार नेमकी हीच आहे. चूक कोणाच्याही हातून होते, माझ्याही होते. पण पुस्तक छापण्याआधी ते कोणीतरी वाचायला हवे, एवढी अपेक्षा फार आहे का?

उंबरठा

अपेक्षा फार नाही, पण तुमच्या उदाहरणांचा क्रम बोलका आहे. आधी उकार आणि वेलांट्या आल्या आणि मूळ तक्रार मागाहून आली. आपल्याकडे ही चर्चा नेहमी अशीच सुरू होते आणि बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यातच संपते. शेतात डोलणारे ‘पिक’ वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे खरोखर कोकीळ आला का? आला नसणार. संदर्भाने अर्थ लागला आणि तुम्ही पुढे गेलात. मराठी बोलताना आपण यांतले बहुतेक ह्रस्व-दीर्घ वेगळे उच्चारतही नाही.

दुसरे असे की, ज्या नियमांच्या आधारे या चुका ठरतात ते नियम तरी कसे आहेत ते पाहावे. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. अठरा ही संख्या लहान वाटते. जाच आहे तो अपवादांचा. ‘वकील’ दीर्घ, पण ‘मंदिर’ ह्रस्व. ‘बारीक’ दीर्घ, पण ‘नागरिक’ ह्रस्व. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, पण ‘शरीर’चे ‘शरिरात’ केले की चूक. ‘कवी’ दीर्घ लिहायचा आणि ‘कविसंमेलन’ ह्रस्व. या सगळ्यांमागचे कारण एकच: शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला असेल तर त्याला वेगळा न्याय. म्हणजे मराठी नीट लिहिण्यासाठी आधी कोणता शब्द तत्सम आहे हे ओळखता आले पाहिजे. ज्या घरात ही ओळख पिढीजात आहे तिथल्या माणसाला ते सहज जमते. ज्याच्या घरात लिहिणारी ही पहिलीच पिढी आहे, त्याने कादंबरी लिहिली की आपण तिच्यातल्या वेलांट्या मोजतो. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द लेखनासाठी वापरावेत का, इथपासूनच माझा आक्षेप आहे. ‘प्रमाणलेखन’ हा शब्द त्या मानाने प्रामाणिक आहे.

खिळा

मी बरीच वर्षे मुद्रितशोधनाचे, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका शोधण्याचे, काम करतो, तेव्हा आतली बाजू सांगतो.

खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, जुळणी असे तेव्हा आधी लांब पट्ट्यांची गॅली प्रूफे निघत, मग पानांची, आणि दुरुस्त्या झाल्यावर पुन्हा एकदा. चांगल्या छापखान्यात एक जण हस्तलिखित मोठ्याने वाचे आणि दुसरा प्रुफावर खुणा करी. त्याही काळात मुद्राराक्षस, म्हणजे छपाईत शिरणारी चूक, होताच, पण त्याला तीन दारे ओलांडावी लागत. आता लेखक स्वतःच मजकूर टाइप करून पाठवतो, त्यामुळे ‘जुळणीत चुका होणारच नाहीत’ असे गृहीत धरले जाते. माझ्याकडे अडीचशे पानांचे पुस्तक येते ते चार दिवसांसाठी, आणि तेही एकाच वाचनासाठी. कधीकधी तेवढेही येत नाही.

पुष्कळ चुका तर लेखकाच्याही नसतात आणि जुळणाऱ्याच्याही नसतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी आणि रफार आपापल्या जागा सोडतात. ‘कविता’ची ‘किवता’ होते, ‘मार्ग’चा ‘मागर्’ होतो आणि ‘दुसऱ्या’मधला र मोडून ‘दुसर्या’ उरतो. या ठळक चुका शोधून काढता येतात. त्या काढल्या की पुस्तक स्वच्छ झाल्याचा भास होतो आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. संगणकाची तपासणी ‘किवता’ला अडवते, पण ‘पिक’, ‘सुत’, ‘दिन’ हे अस्सल शब्द असल्यामुळे त्यांना निमूट पुढे जाऊ देते. तळटीप यांनी दिलेली उदाहरणे नेमकी या जातीची आहेत.

उंबरठा यांना एकच सांगतो. नियम अवघड आहेत हे मला पूर्ण मान्य आहे, कारण माझ्या टेबलावर लेखनकोश कायम उघडा असतो. नियम अवघड आहेत म्हणूनच तर हे काम करणारा वेगळा माणूस लागतो! लेखकाला अठरा नियम यायलाच हवेत असे कोणी म्हटले? ते मला यायला हवेत.

सरळरेषा

मला या तक्रारीत वाचकाचा थोडा अहंकारच दिसतो. आयरिश लेखक जेम्स जॉइसची ‘युलिसीस’ ही कादंबरी १९२२ मध्ये पॅरिसमधून प्रकाशित झाली तेव्हा ती छापणारे जुळारी फ्रेंच होते, लेखक प्रुफांवर शेवटपर्यंत नवा मजकूर घालत होता आणि पुस्तक चुकांनी भरलेले निघाले. कोणाचे काय बिघडले? ती कादंबरी विसाव्या शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या कादंबऱ्यांत गणली जाते. चुका कोणाला आठवतात? आपल्याकडे मात्र पुस्तकाने काय सांगितले यापेक्षा आणि-मधला ‘णि’ ह्रस्व होता की दीर्घ याची चर्चा अधिक.

तळटीप

उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे. त्याच आवृत्तीच्या आरंभी प्रकाशिकेने छपाईतल्या चुकांबद्दल वाचकांची क्षमा मागणारी टीप घातली होती. चुका कोणाला आठवतात, या प्रश्नाचे उत्तर असे की, अभ्यासकांना पुढची साठ वर्षे त्या आठवत होत्या. १९८४ मध्ये त्या कादंबरीची संशोधित आवृत्ती निघाली आणि तिच्यात पाच हजारांच्या आसपास दुरुस्त्या केल्याचे सांगण्यात आले. त्यांतल्या कित्येक दुरुस्त्याच चुकीच्या आहेत असा वाद पुन्हा उभा राहिला. लेखकाला खरोखर काय लिहायचे होते हे एकदा झाकले गेले की ते उघडे करायला असा खटाटोप पडतो. आपल्या कोणत्या कादंबरीच्या वाट्याला अशी संशोधित आवृत्ती येणार आहे?

‘संदर्भाने अर्थ लागतो’ हेही नेहमी खरे नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका पाककृतींच्या पुस्तकात ताज्या दळलेल्या ‘काळ्या मिरी’ऐवजी ताजी दळलेली ‘काळी माणसे’ छापली गेली. इंग्रजीत ते दोन शब्द दिसायला जवळचे आहेत आणि दोन्ही बरोबर असल्यामुळे तपासणीच्या साधनाने एकालाही अडवले नाही. शिल्लक सात हजार प्रती रद्द कराव्या लागल्या. तिथेही संदर्भाने अर्थ लागतच होता.

दुभाषी

मी अनुवादक आहे. वेलांट्यांवर इतका वेळ गेला की व्याकरण बाजूलाच राहिले, आणि माझ्या मते खरी पडझड तिथे आहे. ‘मी त्याला बोललो’, ‘माझी मदत कर’, ‘तिच्या द्वारे दार उघडले गेले’ अशी वाक्ये आता निवेदकाच्या तोंडी सर्रास येतात. मराठीत आपण ‘त्याला म्हणतो’ किंवा ‘त्याच्याशी बोलतो’; ‘मला मदत कर’ म्हणतो; आणि दार ‘ती उघडते’. यांत ह्रस्व-दीर्घाची एकही चूक नाही, त्यामुळे मुद्रितशोधकाच्या हातून ही वाक्ये सुटतात, आणि संपादक नावाचा माणूस तर पुष्कळदा नसतोच.

मात्र उंबरठा यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका कथासंग्रहाच्या वेळी मी हे जवळून पाहिले आहे. त्यातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘न्हाई’, ‘व्हतं’, ‘पानी’ असे शब्द होते. पाने तपासून आली तेव्हा तो म्हातारा ‘नाही’, ‘होते’, ‘पाणी’ असे स्वच्छ बोलू लागला होता. लेखकाने सगळे शब्द पुन्हा हाताने पूर्ववत केले. त्यातही दोन ठिकाणचे ‘नाही’ राहून गेले आणि मधूनच तो शेतकरी शिक्षकासारखा बोलतो. पात्रांच्या तोंडी उच्चाराप्रमाणे लेखन चालते हे नियमांतच आहे. त्या दुरुस्ती करणाऱ्याने नियम अर्धाच वाचला होता.

उंबरठा

दुभाषी यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नेमका मांडला. चूक दुरुस्त करण्याच्या उत्साहात माणसाची बोली पुसली जाते, आणि हे ज्याच्याबाबतीत घडते तो सहसा आधीच काठावर उभा असलेला लेखक असतो.

खिळा यांच्या म्हणण्याला माझी हरकत नाही, किंबहुना त्या दृष्टीने मी विचार केला नव्हता. लेखकावरचे ओझे उतरवून ते छापणाऱ्यावर टाकले, तर माझा निम्मा आक्षेप उरत नाही. उरलेला निम्मा मात्र कायम आहे. प्रत्यक्षात चूक सापडली की नाव लेखकाचे निघते, प्रकाशकाचे कधीच नाही. परीक्षणात ‘लेखकाने शुद्धलेखनाकडे लक्ष द्यायला हवे होते’ असेच वाक्य असते. तुम्ही स्वतः, तळटीप, पहिल्या परिच्छेदात ‘लेखन चांगले आहे’ म्हणालात, ही दुर्मीळ गोष्ट आहे. एरवी ‘पिक’ दिसले की पुस्तकच बाद होते.

आणि मला अजूनही वाटते की प्रकाशनसंस्थेने आपली रूपे ठरवून ती शेवटपर्यंत पाळली, तर ती महामंडळाची असलीच पाहिजेत असे नाही. एकाच पानावर ‘राहणे’ आणि ‘रहाणे’ असणे मला त्रासदायक वाटते. सगळीकडे ‘रहाणे’ असले तर मी तक्रार करणार नाही.

पिवळी पाने

सुसंगतीचा मुद्दा जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणात फार जाणवतो. केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे आणि त्यांच्यापासून पुढचे आजच्या नियमांप्रमाणे, असा महामंडळाचा नियम आहे. तो पटो वा न पटो, निदान एक रेघ आहे. प्रत्यक्षात जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती उघडावी, तर एका ओळीत ‘कांहीं’ आणि पुढच्याच ओळीत ‘काही’. ‘केलें’वरचा अनुस्वार शिल्लक आणि ‘तळें’वरचा गेलेला. जुने पान यंत्राने वाचून घेतले की ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो ते वेगळेच. ‘घन’चे ‘धन’ झालेली एक ओळ मी स्वतः दोनदा वाचली, आणि दोन्ही वेळा ती मला गूढ वाटली.

सरळरेषा

‘युलिसीस’च्या टिपेचे मला माहीत नव्हते, ते मान्य. तरीही विचारतो, खिळा. तीन वाचने केली तर पुस्तक निर्दोष होते का? होत नसेल, तर रेघ नेमकी कुठे ओढायची?

खिळा

होत नाही. पहिल्या वाचनात सापडलेल्या चुका दुरुस्त करतानाच नव्या चुका शिरतात. एक शब्द वाढला की ओळ सरकते आणि शब्द भलतीकडे तुटतो. म्हणून दुसरे वाचन हे खरे तर पहिल्या वाचनाची तपासणी असते. तिसऱ्यात फार थोडे सापडते, पण जे सापडते ते हटकून शीर्षकात किंवा अर्पणपत्रिकेत असते. मोठी अक्षरे कोणी वाचतच नाही. रेघ विचाराल तर माझ्या मते दुसऱ्या वाचनानंतर ओढावी.

उंबरठा म्हणतात ते खरे आहे, नाव लेखकाचे निघते. मुखपृष्ठकाराचे नाव छापतात, अक्षरजुळणी करणाऱ्याचे छापतात, मुद्रितशोधकाचे क्वचित. माझे नाव ज्या पुस्तकात पहिल्यांदा छापले जाणार होते ते मी कोणी न सांगता एकदा जास्त वाचले होते. तरीही शेवटी अकरा चुकांचे शुद्धिपत्र जोडावे लागले. त्या पत्राच्या मथळ्यात ‘शुद्धी’ दीर्घ पडला आहे, आणि ते प्रूफ वाचायला मीच बसलो होतो.